डावं-उजवं

नाही हो साहेब, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, इकडे खुर्चीवर बसा – आणि लिहून घ्या. मी तक्रार केली म्हणूनच नगरपालिकेनं तुम्हाला पाठवलंय ना? मग लिहा, या बाजूला पदपथ नाही. ते तर तुम्ही येतानाच पाहिलंत, पँट उगाच झटकताय का? अठरा वर्षं मी हे इस्त्रीचं दुकान चालवते आणि अठरा वर्षं हा खड्डा माझ्या पायरीशी पाळलेल्या कुत्र्यासारखा बसलाय. मी शर्टाची परीटघडी करून हातात द्यायची आणि गिऱ्हाईक पायरी उतरतं न उतरतं तोच एक गाडी जाते, की झालंच.

आता समोर बघा. नाही, मान वळवून नीट बघा. रंगीत फरशी, दिवा, बाक – बाकाला पाठसुद्धा आहे, हात टेकायला लोखंडी दांडी आहे. ते शिवणकामाचं दुकान माझ्या धाकट्या जावेचं. कर दोघी सारखाच भरतो, एका दिवशी, एकाच खिडकीवर, मी तिच्या पुढं उभी असते. मग एकाच रस्त्याला असं डावं-उजवं करायचं? आईनं लेकरांत करू नये आणि नगरपालिकेनं रस्त्यात करू नये. कचेरीसमोर तुम्ही कारंजं बांधलंत, उद्घाटनाला उडालं तेवढंच, आता त्यात पानं पडतात – असू दे. त्यानं माझ्या पोटात दुखत नाही. हा बाक मात्र रोज सकाळी दुकान उघडलं की डोळ्यांत खुपतो. मागच्या वॉर्डसभेत मी बोलायला उठले तर मागनं कुणीतरी पुटपुटलं, ही जळते. म्हटलं, जळतो तो कपडा, इस्त्री विसरली की. मी नुसती तापते. हसले सगळे. ती पण हसली, तोंडावर पदर धरून – मला दिसलं.

बाकावरच्या म्हातारबाई दिसतात? निळी शाल. माझ्या सासूबाई. थोरल्याकडं राहायचं म्हणून पहिल्यापासून माझ्याकडं. तुम्ही बसलात ना, ती खुर्ची त्यांची – बसा, बसा, उठू नका. इथं बसून त्या गिऱ्हाइकांच्या शर्टांची सुटलेली बटणं लावायच्या. कुणी सांगितलेलं नव्हतं. मी म्हणायची, आई, आपण फक्त इस्त्रीचं घेतो, बटणाचं नाही. तर म्हणायच्या, बटणाशिवाय इस्त्री म्हणजे टिकलीशिवाय आरसा. याचा अर्थ मला अजून कळलेला नाही. तर महिन्यापूर्वी याच खड्ड्यात त्यांचा पाय मुरगळला. धाकटी धावत आली – धावणारच, तिच्याकडं सपाट आहे – आणि म्हणाली, वहिनी, थोडे दिवस माझ्याकडं राहू द्या, फिरायला बरं पडेल. थोडे दिवस. आता त्या तिथं बसून तिच्या ब्लाउजांना हुक लावतात. काल मी इथनं हाक मारली तर हात हलवला. ये म्हणून नाही, येते म्हणून नाही. बस सुटताना हलवतात तसा.

मला त्या परत हव्यात, साहेब. फरशीचं मला काय कौतुक? डॉक्टर म्हणाले सपाटावर चालवा, तर माझ्या दारात सपाट करून द्या, म्हणजे तिच्याकडं काही कारण उरणार नाही. एवढंच लिहा. नको, शेवटचं वाक्य खोडा.

काय म्हणालात? मंजुरी दोन्ही बाजूंना होती? मग? – हरकत आली? कुणाची? नाव नाही, नुसतं एक त्रस्त नागरिक? बघा म्हणजे. लोकांचं भलं बघवत नाही असल्यांना. आणि तुम्ही निनावी कागदावर कामं थांबवता? म्हणजे – हरकती मागवल्या होत्या ते मला ठाऊक आहे. मी पण दिली होती एक. ती वेगळी. नोटीस आली होती ना, काम दोन्ही बाजूंना, सुरुवात डाव्या बाजूनं. बाजारातनं येताना तिचं दुकान डाव्या हाताला. मनात म्हटलं, आधी तिलाच? सगळं आधी तिलाच? त्याच आठवड्यात सासूबाई तिच्याकडं चहा पिऊन आल्या आणि म्हणाल्या, धाकटीच्या हाताला चव आहे. अठरा वर्षं माझ्या हातचा पिऊन. तेव्हा बसले आणि लिहिलं, डाव्या बाजूस पदपथ नको, वाहनांची अडचण होते. वाहन कुणाकडं आहे इथं? पण लिहिलं. नाव घातलं नाही – जाऊ आहे शेवटी. आणि काही उपयोग झाला का? तिच्याकडं बाक लागला तो लागलाच. माझ्या अर्जाला कोण विचारतंय.

काय शोधताय त्या फायलीत? दाखवा.

हा – हा डाग कसला म्हणजे? तपकिरी, टोकदार. काहीही सांडलं असेल कचेरीत, चहा वगैरे. चहा टोकदार सांडत नाही, बरोबर आहे. कागद चुरगळला असेल कुणाचा तरी. एकदा लिहून चुरगळला असेल, मग वाटलं असेल की नाही, द्यायचाच, म्हणून फिरवली असेल इस्त्री, आणि तेवढ्यात समोर बघितलं असेल.

पण डावी म्हणजे ती, साहेब. बाजारातनं येताना. तुम्ही कुठनं धरता? चौकातनं. चौकातनं आलं की डावी म्हणजे –

मिटा ती फाईल. नाही, काही लिहू नका. मघाचं पण खोडा, सगळं. सासूबाई बाकावरनं इकडंच बघतायत, मान वर करू नका.

आणि जाताना पलीकडनं जा. या बाजूला चालायला जागा नाही.