लेकीच्या तुळशीला गंगेचा गाळ

या मायबाप, टाळ खाली ठेवा, जरा जवळ सरका. नाशिकरोडच्या तिकिटाच्या रांगेत ऐकलेली गोष्ट सांगते. माझ्यापुढे घोटीच्या कुसाबाई होत्या, त्यांना पोचवायला आलेला भाऊ पुंजा होता आणि दोघांच्या मध्ये एक गोणी.

"आक्का, हमाल इचारतो, तांदूळ हाय का?"

"गाळ हाय म्हण. धरणातला."

"लेकीला कोणी चिखल नेतं का गं?"

"आपली गंगा, गोदामाय, पार आंध्रात तिच्या गावापाशीच समुद्राला मिळती. जावई सांगतो, पूर्वी नदी दरसाल गाळ आणून टाकायची. आता गाळ धरणांत अडतो, तिथली जमीन खचती, अन् समुद्र अंगणात येतो."

"मग तुझ्या एका गोणीनं समुद्र हटंल व्हय?"

"येड्या, तुळशीसाठी हाय! खाऱ्या पाण्यानं तिची तुळस जळली. उंचावर नवं घर बांधलंय, पण सासू म्हणती, तिथं हिरवी तुळस लागल्याबगर जुनं घर सोडायची नाय. अन् माझ्या तेजस्विनीचे दिवस भरत आले रं!"

"मग आजच निघायची घाई कसली?"

"शनिवारी पुनव! त्या भरतीला पाणी चुलीपर्यंत येतं."

"अन् रोप?"

"हे काय, पदराखाली. आपल्याच अंगणातलं."

"आण ती गोणी खांद्यावर! अन् माझंबी तिकीट काढ."

"तुझे कपडे?"

"जावयाची लुंगी नेसंन! चल, रांग सरकली."

मायबाप, गंगेवर दिवा सोडाल तेव्हा पाण्याच्या पार शेवटाला राहणाऱ्या तेजस्विनीची आठवण ठेवा.