डावीकडे दादा, उजवीकडे मी

तिथे नको हो, जरा मागे — स्टँडला तुमचा पाय लागला की पुन्हा पहिल्यापासून. हा स्टँडवरच्या लेव्हलचा बुडबुडा बघा, आला ना बरोबर मधे? आला. म्हणजे आता कॅमेरा फिरवला तरी अंगण उताराला लागणार नाही. वरच्या मजल्यावरून आपल्याला उगाच खाली बोलावलं असं वाटत असेल तुम्हाला — उगाच नाही, काम आहे. मी सांगेन ते दादाला सांगायचं. थोरला भाऊ माझा, तो काय, फाटकाबाहेर उभा आहे. मी ये म्हणणार नाही, तो आपणहून येणार नाही — म्हणून तुम्ही.

भांडण? छे, भांडायला बोलावं लागतं. बाबा गेले, मी एका लग्नाच्या कामाला बाहेरगावी गेलो, परत येऊन बघतो तर बाबांच्या स्टुडिओत दादानं दुकान थाटलेलं, मोबाइलची कव्हरं लटकतायत. मागचा पडदा होता — डोंगर, तळं, बाबांनी स्वतः रंगवलेला — तो दुकानापुढे उन्हाला बांधलेला. मी काही म्हटलं नाही. अजून म्हणत नाही.

तर पद्धत अशी. आई खुर्चीत. आधी डावीकडचा फोटो — त्यात दादा, आईपासून चार हात लांब. मग तो जाणार. मग कॅमेरा उजवीकडे नुसता फिरवायचा, उचलायचा नाही — त्यात मी, बटन तुम्ही दाबायचं. आई दोन्हींत आहेच, तिच्यावरच कंप्युटर दोन फोटोंचा सांधा जुळवून एक करतो, म्हणून तिनं हलायचं नाही. उजेडही ऑटोवर नाही ठेवलेला — नाहीतर दादा उजळ आणि मी काळा, लोकांना वाटायचं त्यानंच करून घेतलं. तसा मी काळाच आहे, ते सोडा.

आईचा हट्ट हो. काचबिंदू आहे तिला — कडेचं दिसणं गेलंय, नळीतून बघावं तसं मधलं तेवढं राहिलंय, तेही जाईल म्हणतात डॉक्टर. त्याआधी दोन्ही पोरं एका फोटोत बघायचीत. देतो की. चांगला लांबलचक देतो.

हं, बोलवा त्याला. हनुवटी खाली म्हणावं. अजून. — झालं, जा म्हणावं आता.

का, जात का नाही? आईची शाल सारखी करायला वाकला तर तिनं मनगटच धरलं? आई, हलायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं — काय? एवढ्या लांब उभे राहिलो तर एक दिसला की दुसरा दिसायचा नाही?

हं.

खरंय. मधे तूच. फोटो हातात घेऊन तुला तूच दिसणार. — हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो. उजेडाचा विचार केला, सांध्याचा केला.

म्हणजे खुर्चीला चिकटून उभं राहावं लागणार. दोघांनी. एकदम.

नाही, थांबा, तुम्ही नका सांगू त्याला. बटनाचंही राहू द्या — टायमर आहे याला, पहिल्यापासून आहे. या तुम्ही आता, वर गेलात तरी चालेल. खरंच, या.

दादा — जरा आत सरक.