आक्काला टीव्हीनं सांगितलं

माजं माहेर केम, करमाळ्याकडचं, टेसनाच्या पल्याड वडलांची मेंढरं आन् थोडी कोरडवाहू जमीन. लगीन होऊन सोलापुरात आले तवा मला भाकरीसुद्धा धड येत नव्हती, गोल म्हणून थापायची आन् तव्यावर नकाशा पडायचा. थोरल्या जाऊबाईंनी शिकवलं. त्यांचं नाव भागीरथी, सगळी आक्का म्हणत्यात. पाणी किती, पीठ किती मळायचं, कडक भाकरी करायची तर उतरवल्यावर परत कशी वाळवायची, सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं, कदी आवाज वर न्हाय केला, चुकलं तर असूं दे की म्हणायच्या. आमचे मालक चादरीच्या कारखान्यात कामाला व्हते, तो बंद पडला, मंग ते बी वारले, तवापासनं आमी दोघी कडक भाकरी आन् शेंगाचटणी करून दुकानांत घालतो, त्यावरच हाय सगळं. मी लई बोलणारी न्हाय ताई. तुमाला का सांगतेय ते बी नीट कळत न्हाय, पर आता सांगते.

आमचं थोरलं दीर ट्रकवर डायवर व्हतं. एकदा माल पोचवला, ट्रक नीट लावला, चावी ट्रकवाल्या शेठला दिली आन् गेलं ते परत घरी आलंच न्हाय. लई शोधलं. आक्काला लेकरू न्हाय. मेलेल्या माणसाची बाई कशी ऱ्हाते ते ठाऊक असतं, पर हरवलेल्याची कशी ऱ्हाणार? आक्कानं कुंकू ठिवलं, मंगळसूत्र ठिवलं, वटपौर्णिमा केली, आन् रोजची पयली भाकरी बाजूला काढून ठिवायच्या. कोण विचारलं तर म्हणायच्या, आलं तर उपाशी नको की. दुपारपर्यंत कोण न्हाय आलं की दारावर जो यील त्याला द्यायच्या.

मंग पुण्याची ती पोरगी आली, केतकी. मालिका लिवणारी. सोलापूरची मालिका करायची, भाकरी करणारी बाई नायिका, म्हणून हितली भाषा पायजे, हितली बाई पायजे. हितंच खोली घिऊन राह्यली, रोज येऊन चुलीपाशी बसायची, मावशी मावशी करायची. आक्का तिच्याशी दोन शब्द बोलायच्या न्हाईत, म्हणायच्या, कमलला विचार बाई, माजं काय हाय सांगण्यासारकं. मंग मीच सांगायची. भाकरी थापताना आक्का ओठ दुमडत्यात ते सांगितलं, पयल्या भाकरीचं सांगितलं, असूं दे की सांगितलं. ती लिवून आणून वाचून दाखवायची, ऐकताना आक्काच समोर बसल्यावानी वाटायचं. काय सांगू तुमाला, मला लई भारी वाटायचं. माजं बोलणं आजवर कोण एवढं ध्यान दिऊन ऐकलं नव्हतं.

एक दिस तोंड पाडून आली. चॅनेलवाल्यांनी परत पाठवलं म्हणाली. मावशी, नुसत्या चांगल्या बाईला रोज साडेसातला कोण बघणार, तिला स्वतःला माहीत नाही असं काहीतरी हवं, आणि बघणाऱ्यांना ते माहीत हवं, मग माणसं जीव टांगून बसतात. मी म्हणलं, म्हणजे कसं गं? ती म्हणाली, म्हणजे समजा, तिचा नवरा जिवंतच असला तर?

माजा हात पिठात थांबला. आन् तिनं ते बगितलं. तिचं कामच ते, ताई.

आक्का दुकानात माल घालाय गेल्या व्हत्या. मी सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं, मालकांनासुद्धा न्हाय, ते त्या पोरीला सांगितलं. दीर हरवल्यावर काही वर्सांनी भावाच्या लेकीच्या बारशाला केमला गेले व्हते, परत यायला टेसनावर उभी, पिशवीत आक्कासाठी कुंकू, आमच्या केमचं कुंकू दरवेळी न्यायची मी त्यांना. आन् फलाटावर थोरलं दीर. कडेवर पोरगं, बाजूला पोत्यावर एक बाई बसलेली. आमच्यात थोरल्या दिरासमोर धाकटीनं तोंड वर करायचं नसतं, बोलायचं तर न्हायच. एका घरात ऱ्हाऊन मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, त्यांचं ताट बी आक्काच वाढायच्या. ते जवळ आलं, मी सवयीनं डोईवर पदर घेतला, खाली बगितलं. ते म्हणालं, कमल, घरी काय सांगू नको. पयल्यांदाच माजं नाव घेतलं त्यांनी. आन् मी मान हलवली. विचारायचं व्हतं की, आक्कानं तुमचं काय वाकडं केलं, पर तोंडच उघडलं न्हाय. गाडी आली, मी बसले. घरी आक्कानं कुंकवाची पुडी उघडून बोटानं लावून बगितलं, म्हणाल्या, रंग बरा हाय गं ह्या बारीला. आज सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायले. मंग इतके दिस गेले की आता सांगितलं तर पयला सवाल माज्यावरच.

केतकी रडली ऐकून. मी म्हणलं, हे टीव्हीत नको बाई. ती म्हणाली, नावं बदलणार मावशी, गाव बदलणार, कोणाला कळणार. आन् मी गप बसले.

मालिका लागली तशी आमची गल्ली नुसती खूश. साडेसातला बाया आमच्याच घरात. शेजारची अंबुबाई म्हणायची, आक्का, ओठ दुमडायचं बी तुमचंच घेतलंय की, आता आमाला भाकरी फुकट द्या, न्हायतर सही तरी द्या. आक्का लाजायच्या. त्यांना मी एवढं हसताना कदी बगितलं नव्हतं.

मंग एका संध्याकाळी तो फलाट लागला. टेसनाचं नाव दुसरं. डोईवर पदर घेतलेली धाकटी जाऊ, समोर तो माणूस, कडेवर पोरगं. तो म्हणाला, घरी सांगू नकोस, आन् तिनं मान हलवली. बाया म्हणाल्या, काय बया ती धाकटी, विषारी. अंबुबाईनं माज्याकडं बगितलं आन् चपला शोधाय लागली.

सगळ्या गेल्यावर आक्कानं विचारलं, खरं हाय का गं?

मी म्हणलं, मालिका ती आक्का, काय बी दाखवत्यात.

त्या म्हणाल्या, ओठ माजं, पयली भाकरी माजी, असूं दे की माजं, आन् एवढंच तेवढं टीव्हीवाल्यांचं व्हय?

मी खाली बगितलं. त्यांना काय ते कळलं.

भांडल्या न्हाईत. रोजच्यासारकं पीठ मळलं. मंग आठवड्यानं म्हणाल्या, त्या पोरीला फोन लाव, पुढं ती बाई काय करती विचार. मी म्हणलं, आक्का, ती खोटी बाई. म्हणाल्या, मला सुचत न्हाय कमल, कुंकू ठिवू का पुसू, जाऊन जाब विचारू का हितंच बसू, ती काय करती ते तरी कळू दे. मी फोन लावला. केतकी म्हणाली, मावशी, आता माझ्या हातात काही नाही, बघणारे कमी झाले, मालिका गुंडाळतायत. आन् गुंडाळलीच. शेवटाला तो नवरा दारात आला, हात जोडलं, बाईनं ओवाळलं, सगळे अंगणात हसत उभे. त्या दुसऱ्या बाईचं काय, पोराचं काय, कायच न्हाय. आक्का शेवटपर्यंत बगत बसल्या. म्हणाल्या, हिलाबी न्हाय सुचलं.

आता माज्याशी बोलत्यात, परात दे, पाणी ओत, एवढंच. मला वाटतं त्यांनी एकदा माज्या थोबाडीत द्यावी. देत न्हाईत. देव त्यांना बरं ठिवू दे, मी दुसरं काय म्हणू? परवा भाकरी थापता थापता विचारलं, त्या पोराचं नाव काय गं? मी म्हणलं, मला न्हाय ठाऊक आक्का, देवाशपथ न्हाय. ते खरं व्हतं, ताई. त्यांनी माज्या तोंडाकडं बगितलं आन् पुढचा गोळा हातात घेतला.