रॅन्सफर्डला कोण आवडायचं

लॅसेल्स : टूट्सच! आज रात्री पहिली तबकडी टूट्सची लागणार. मी पेटीतून काढूनसुद्धा ठेवलीय.

व्हर्ना : मग परत पेटीत घाल. आज रॅन्सफर्डची नववी रात्र, गावानं गाऊन-नाचून त्याला निरोप द्यायची. घर माझं, अंगण माझं, आणि गेलेला नवराही माझाच. त्याला ग्रेगरी आयझॅक्स आवडायचा. पहिलं गाणं ग्रेगरीचं.

लॅसेल्स : ग्रेगरी? अगं, तो बायकांच्या कानात मध ओतणारा माणूस! आपला रॅन्सफर्ड बस चालवायचा. बफ बेच्या त्या वळणांवर ग्रेगरी लावला असता, तर ड्रायव्हरसकट अख्खी बस झोपून समुद्रात गेली असती.

व्हर्ना : गेली का कधी?

लॅसेल्स : नाही गेली. कारण तो टूट्स लावायचा! टूट्स गायला लागला की कसं वाटतं, पाद्रीबाबा कोट काढून सैतानाशी कुस्ती खेळायला उतरलेत.

व्हर्ना : तुला वाटतं तसं. जन्मभर लोकांच्या लग्नात नि जत्रेत तबकड्या लावल्यास, म्हणून सगळ्यांच्या मनातलं तुलाच कळतं होय?

लॅसेल्स : त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय मला. माँटेगो बेला गेलो होतो आम्ही, मैफिलीला. तू नव्हतीस, नदीन पोटात होती तुझ्या. समुद्राला लागून मैदान, भाजलेल्या कणसांचा धूर, आणि माणसं इतकी की पोरं बापांच्या खांद्यावर झोपलेली. रात्रभर एकामागून एक गायक. टूट्सची पाळी आली तेव्हा उजाडायला लागलं होतं. पाणी आधी राखाडी, मग गुलाबी. आणि तो आवाज! मी रडत होतो व्हर्ना, आणि नाचत होतो, दोन्ही एकदम. तेव्हा रॅन्सफर्ड माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "लॅसेल्स, याच्यापुढे कुणी नाही." आता बोल.

व्हर्ना : काय बोलू? आमचं लग्न झालं तेव्हा घरात एक पलंग आणि दोन पेले होते. गाणी ऐकायला बसमधल्या कॅसेटशिवाय काही नव्हतं. रोज संध्याकाळी तो बस इथं विलायती फणसाखाली आणून लावायचा, झाडून काढायचा, आणि मला हाक मारायचा. बसमध्ये, दोन बाजूंच्या सीटांच्या मधल्या त्या बोळात, आम्ही नाचायचो. नाचायचो म्हणजे काय, तेवढ्या जागेत नुसतं झुलायचो. काचांवर पाऊस, आत ग्रेगरी. शेजारची मिस आयव्ही म्हणायची, "ही पोरगी रोज कुठं प्रवासाला जाते गं?" एकदा तो म्हणाला, "व्हर्ना, या आवाजावर माझा जीव आहे." मला म्हणाला तो. मैदानात, गर्दीत नाही.

लॅसेल्स : नवी नवरी समोर असल्यावर कुणीही काहीही बोलेल.

व्हर्ना : आणि रमची बाटली समोर असल्यावर?

नदीन : तुम्हा दोघांचा आवाज खाली बंदरापर्यंत जातोय. सूप चाखून सांगा जरा, मुंडी शिजलीय का नीट. आणि लॅसेल्स अंकल, स्पीकरवाले विचारतायत, स्पीकरांची भिंत कुठं रचायची?

लॅसेल्स : कुंपणाला लागून, तोंड रस्त्याकडं. नदीन, तू लंडनहून आलीयस, शिकलेली आहेस. तूच न्याय कर. तुझ्या डॅडीला कोण आवडायचं? टूट्स की ग्रेगरी?

नदीन : दोघंही नाही. डेनिस ब्राउन.

व्हर्ना : हे कुठून काढलंस?

नदीन : काढलंस काय, मम्मी? लंडनला नर्सिंगला गेले, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात मी फोनवर रडायचे, आठवतं? परत येते म्हणायचे. तू म्हणालीस, ये. पुढच्या महिन्यात डॅडीचं पार्सल आलं. मसाल्याचा बन, एक लोकरीची टोपी, आणि डेनिस ब्राउनची कॅसेट. त्यानं स्वतः भरलेली, मधेच बसचा हॉर्नसुद्धा ऐकू येतो. मला लहानपणापासून डेनिसच आवडायचा ना. मी फोन केला, तर म्हणाला, "मलाही हाच सगळ्यांत आवडतो. तू तिकडं लाव, मी इकडं लावतो." मी राहिले ती त्या कॅसेटवर राहिले.

लॅसेल्स : म्हणजे मला टूट्स, तिला ग्रेगरी, आणि पोरीला डेनिस. अरे लबाडा!

व्हर्ना : हसू नकोस.

लॅसेल्स : अगं, गंमत आहे...

व्हर्ना : मला नाही वाटत गंमत. इतकी वर्षं एका उशीवर डोकं ठेवलं. मला वाटायचं, या माणसाचं मला सगळं ठाऊक आहे. चहात साखर किती, कुठला गुडघा दुखतो, कुठल्या भावाशी बोलत नाही. आणि साधं आवडतं गाणं... तेसुद्धा त्यानं मला माझंच परत दिलं. मग त्याचं काय होतं रे? आज सगळं गाव येईल, आणि मी पहिलं गाणं लावायचं म्हणजे कुणाचं लावायचं?

नदीन : मम्मी, बस जरा. ये, इथं सावलीत.

लॅसेल्स : व्हर्ना, ऐक. माँटेगो बेची एक गोष्ट मी सांगितली नाही. टूट्स गात होता आणि मी वेड्यासारखा ओरडत होतो. मध्येच वळून बघितलं, तर रॅन्सफर्डची पाठ स्टेजकडं! सगळं मैदान तिकडं बघतंय, आणि हा एकटा आमच्याकडं तोंड करून उभा. मी म्हटलं, "अरे गाढवा, पैसे देऊन आलोय, तिकडं बघ!" तर म्हणाला, "ऐकू येतंय मला. तुला काय होतंय ते बघतोय." मला तेव्हा वाटलं, चढलीय याला.

नदीन : बसमध्येही तसाच करायचा. कुणी म्हातारी चढली की विचारायचा, "काय लावू, मदर?" आणि मग आरशात बघत राहायचा.

व्हर्ना : रस्त्याकडं बघ म्हणून मी ओरडायचे. मला वाटायचं, पोरींकडं बघतोय.

लॅसेल्स : त्याही असतील म्हणा आरशात.

व्हर्ना : हं... पण एकटा असताना? आरशात कुणी नसताना?

नदीन : तेच विचारणार होते. एकटा असताना तो काय गुणगुणायचा?

व्हर्ना : गुणगुणायचा कुठं! त्याला सूर होता का? रविवारी नदीवर बस धुवायला न्यायचा, मी मागून डबा घेऊन जायचे. हा गुडघाभर पाण्यात, हातात फडकं, आणि पोटातून नुसतं... डूम. डूम-डु-डूम. मग थांबायचं. डूम. बेडकासारखं. मी म्हणायचे, अरे, काहीतरी शब्द तरी म्हण!

लॅसेल्स : परत म्हण.

व्हर्ना : काय?

लॅसेल्स : ते बेडकाचं. परत म्हण.

व्हर्ना : चेष्टा करायची ही वेळ आहे?

लॅसेल्स : चेष्टा नाही गं, आईशप्पथ. म्हण.

व्हर्ना : डूम. डूम-डु-डूम... डूम.

लॅसेल्स : हा तर बेस आहे! जाड तारांच्या गिटारीवर वाजतो तो. या चालीवर एक नाही, पुष्कळ जणांनी आपापली गाणी म्हटलीयत. गायक बदलतात, शब्द बदलतात, खाली हेच चालू. व्हर्ना, तो गाणाऱ्याचं ऐकतच नव्हता.

नदीन : कोण वाजवतं ते?

लॅसेल्स : नाव असेल कुठंतरी. मी जन्मभर तबकड्या लावल्या आणि मलाही सांगता येत नाही. थांब. थांब जरा, पेटी इकडं सरकव... ही नाही... ही नाही... ही. बघ.

व्हर्ना : उलटी धरलीयस.

लॅसेल्स : मुद्दामच. पुढच्या बाजूला गाणं असतं. या बाजूला तेच गाणं, पण गायकाचा आवाज काढून टाकलेला. नुसता बेस आणि ढोल. कुणी माइक घेऊन वर काही म्हणणार असेल तरच आम्ही ही बाजू लावायचो.

व्हर्ना : लाव.

लॅसेल्स : आत्ता? अजून भिंत रचून झाली नाही, दोनच स्पीकर जोडलेत.

व्हर्ना : दोन पुरे. लाव.

(तबकडी सुरू होते. कुंपणावरची कोंबडी उडून खाली येते.)

नदीन : मम्मी, जमीन हलतेय.

व्हर्ना : हं. पायांतून वर येतंय बघ.

लॅसेल्स : नदीवर असंच म्हणायचा?

व्हर्ना : असंच. थोडं बेसूर.

नदीन : पण लोक काय म्हणतील? नवव्या रात्रीचं पहिलं गाणं, आणि यात गाणारं कुणीच नाही.

व्हर्ना : असू दे. येतील ना सगळे. ज्याला जे येतं, ते म्हणेल.