इग्नोर म्हणजे

प्रेमलाल : मंग त्या शब्दाचा अर्थ काय होते, समीक्षा? डोळ्याचा डॉक्टर आत दोनदा म्हणे, ‘आपने इग्नोर किया.’

समीक्षा : जाऊ द्या ना बाबा. डॉक्टर लोक असंच बोलतेत.

प्रेमलाल : इथं बालाघाटात तू पोराइले इंग्रजी शिकवतं. बापाले एक शब्द सांगाले काय होते?

समीक्षा : इग्नोर म्हणजे... ध्यान नाही देणं.

प्रेमलाल : इतलंच?

समीक्षा : नाही. समोर दिसते, तरी तिकडं पाह्यचं नाही. जानबूझके.

प्रेमलाल : अन् माहीतच नसन तर?

समीक्षा : तर इग्नोर नाही म्हणत.

प्रेमलाल : मले माहीत नोतं, बाई. तुही माय चौकटीले धडके, हे माहीत होतं. चहा कपाच्या बाहेर ओते, हेही दिसे. मी म्हणो, ध्यान कुठी असते तुह्यं? मले वाटे, तुह्या लग्नाचं घेऊन बसली डोक्यात.

समीक्षा : मी पण फोनवर तेच म्हटलं. आई, जरा देखके चल.

प्रेमलाल : मंग हे इग्नोर झालं का नाही?

समीक्षा : मले नाही सांगता येत, बाबा.

प्रेमलाल : वर्गात कोणी पुसलं तर?

समीक्षा : वर्गात सोपं असते. एक वाक्य बनवून देतो अन् पुढं जातो.

प्रेमलाल : तिनं तरी बोलावं ना.

समीक्षा : तिलेही समजलं नाही. दुखत नाही, काही नाही. नजर बाजूबाजूनं जात राह्यते म्हणे.

प्रेमलाल : ऑपरेशन केलं तर परत येईन ना? शेजारच्या शालिकरामचं झालं गोंदियाले. पेपर वाचते आता.

समीक्षा : त्याचा मोतीबिंदू होता. आईचा काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची नजर गेली ते गेली. उजव्यात आहे तेवढी थेंब टाकून वाचवाची. जिंदगीभर.

प्रेमलाल : थेंब मी टाकीन.

समीक्षा : हौ.

(तपासणीच्या खोलीतून गोदाबाई भिंत धरत बाहेर येतात.)

गोदाबाई : डॉक्टर चांगला आहे. माह्यावर चिडला नाही.

प्रेमलाल : काय म्हणे तो तुले?

गोदाबाई : मी पुसलं, डावा कधी सुधरन. तर कागदावर लिहीतच राह्यला.

समीक्षा : बस ना आई, जराशी.

गोदाबाई : कटंगीची बस जाईन.

प्रेमलाल : जाऊ दे. दुसरी येईन. बस माह्याजवळ.

गोदाबाई : तुम्ही कोणीकडं बसले? आवाज येऊन राह्यला, दिसून नाही राह्यले. इकडं या, उजव्या अंगाले.