क्यूच्या मागं यू

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे चेअरमन तानाजीराव आबा, आज सेवेतून मोकळे होणारे इंग्रजीचे नागरगोजे सर आणि शेजारी बसलेल्या वनमालाताई, हार घालायला आलेले आणि हार घालून घ्यायला आलेले पाव्हणे, सगळे गुरुजी, मॅडम, सतरंजीवरच्या आयाबाया, आणि खिचडीच्या वासानं सारखं मागं वळून बघणारी लेकरं, तुमा सगळ्यांना छबुबाईचा रामराम.

मी ह्या शाळेत चौदा वर्षं खिचडी शिजवते. शिक्षण तिसरी पास, तेबी गुरुजींनी पुढं ढकललं म्हणून. हेडमास्तर म्हणाले, "छबुबाई, तुमीबी सरांबद्दल दोन शब्द बोला." मी एकाच शब्दावर बोलणार हाय. दुसरा उरला तर माघारी देते.

आतापत्तर सगळ्यांनी सांगितलं, सरांनी गावाला इंग्रजी दिली. खरं हाय. एकतीस वर्षांत ह्या गावातलं प्रत्येक लेकरू इंग्रजीत एकाच आजारानं आजारी पडलं. फीवर! पाय मोडू द्या, नायतर मामाचं लगीन असू द्या, सुट्टीच्या अर्जात फीवर. दुसरा रोग सरांनी शिकवलाच न्हाई. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी तोच अर्ज लिहिलाय.

आता माझ्या शब्दाकडं येते. तालुक्याला येत्या सोमवारी इंग्रजी शब्दांच्या खेळाची स्पर्धा हाय. एका शाळेतून एकच लेकरू जाणार. ते निवडायला सरांनी मागच्या शनिवारी फळ्यावर तीन अक्षरं लिहिली. क्यू, आय, आर. तिन्ही ज्यात येतात असे शब्द लिहा म्हणाले. डिक्शनरीत आसंल तो शब्द धरायचा, हा नियम सरांचाच. मी खिडकीबाहेर तांदूळ निवडत होते, सगळं ऐकलं.

लिकर तर समद्या वर्गाला आला. कावून येणार न्हाई? फाट्यावर दारूच्या दुकानाची एवढी मोठी पाटी हाय! पुढं मात्र एकेक गळत गेलं. राहिल्या दोघी. आबांची नात सायली, तिचे पाच शब्द. आणि शेखांची अदिबा, तिचे सहा. सहावा होता फकीर. एफ, ए, क्यू, आय, आर.

सरांनी त्याच्यावर लाल काट मारली. म्हणाले, "क्यूच्या मागं यू आलाच पाहिजे. नियम म्हणजे नियम."

पोरगी म्हणाली, "सर, अम्मीनं सांगितलं, गळ्यातनं निघणारा क असला की इंग्रजीत क्यू लिहितात."

"मग अम्मीलाच पाठव स्पर्धेला!"

वर्ग खो खो हसला. मग पाच-पाच झाले म्हणून कुणाचं अक्षर चांगलं ते बघितलं, आणि सायलीचं नाव निघालं. आबा, तुमी चुळबुळ करू नका, पोरीचा काय दोष न्हाई. तिनंच मला येऊन सांगितलं, "मावशी, अदिबाचा एक जास्त होता. आजोबांना मी सांगते, तर ते हूं म्हणतात."

मला सांगा, ह्या क्यूला यू कावून लागतो? गोलाला शेपूट फुटलेलं अक्षर ते, त्याला एकट्यानं बाजारात जाता येत न्हाई का? सरांनी नियम केला, पण डिक्शनरी उघडली का? कशी उघडणार? डिक्शनरी माझ्याकडं होती! तीन वर्षांमागं तांदळाच्या ड्रमात उंदरं शिरायला लागली, तवा सरच म्हणाले, "छबुबाई, हे जाड पुस्तक झाकणावर ठेवा, हलायचं न्हाई." खरंच हललं न्हाई. इंग्रजीनं ह्या शाळेत तेवढं एक काम नेकीनं केलं.

काल ताटं घासून झाल्यावर अदिबा आली.

"मावशी, ड्रमावरचं पुस्तक उचलू?"

"उचल. पण उंदीर शिरला तर तांदूळ तूच निवडायचा."

पोरगी पानं उलटता उलटता थांबली. रडायलाच लागली. मला वाटलं विंचू चावला. तर म्हणाली, "मावशी, हाय. माझा शब्द हाय." एका ओळीत दोन स्पेलिंग, एक के घालून, एक क्यू घालून.

हे बघा ते पुस्तक. कोंडा झटकून आणलंय, खूण म्हणून तेजपत्ता ठेवलाय. सर, चष्मा लावा आणि वाचा. मनात न्हाई, माईकवर.

...ऐकलं सगळ्यांनी? सर म्हणाले, "आहे." हळूच म्हणाले, पण म्हणाले.

आता टेबलावर तो स्पर्धेचा फॉर्म हाय, सायलीच्या नावाचा. आज पाच वाजता जाणार, आणि सरांची सहीबी पाचपत्तरच चालती. उद्या ते पेन्शनर. म्हणून हारतुऱ्यात मधेच बोलले. सर, घ्या पेन. आबा, तुमची हरकत? न्हाई ना? सायलीच टाळ्या वाजवायलीय, बघा तिकडं.

लिहा. अदिबा. आता बापाचं नाव. एम, ए...

थांबलात कावून? पाच वर्षं तुमी हिचे वर्गशिक्षक. हजेरीच्या वहीत दरसाली तुमच्याच हातानं इंग्रजीत मकसूद लिहिलंय. लिहा की, सर. क्यू.

आणि त्याच्या मागं काय? लेकरांनो, सांगा सरांना.

एस!

अजून एकदा, वनमालाताईंना ऐकू गेलं न्हाई.

एस!

झाली सही. सर, मानलं तुमाला. लई माणसं चूक कळली की कागद हरवतात, तुमी चारचौघांत दुरुस्त केला. घरी गेल्यावर ताईंना चहा करून द्या, आणि फीवर आला तर कळवा.

मला माईक देणाऱ्या हेडमास्तरांचे आभार, आता त्यांना पस्तावा होत आसंल तरीबी. माझ्या बोलण्यानं कुणाच्या इस्त्रीला सुरकुती पडली आसंल तर पोटात घाला. अदिबा, सोमवारी सकाळी सातची एसटी हाय. डबा मी देणार. बसते.