त्रेचाळीस नंबरची खुंटी

...आता तुम्हीच सांगा, आमच्या ओश शहरात बाहेर उणे बारा थंडी, मिशी गोठतेय, आणि माणूस ओव्हरकोट न घेता जातो कुठे? मी काही शिकलेला नाही हो, मेडिकल कॉलेजच्या दारात पोरांचे कोट टांगतो, हातावर पत्र्याचा बिल्ला ठेवतो, संध्याकाळी बिल्ला घेऊन कोट देतो. मला आकडे येतात तीनशेपर्यंत, कारण खुंट्या तीनशे! पण तुम्हाला सांगतो, सोमवारी सगळे गेले आणि त्रेचाळीस नंबरला... कोट खुंटीवरच.

बुरुलचा नावाच्या पोरीचा. डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला, मला अता म्हणजे आजोबा म्हणते, रोज विचारणार, "अता, गुडघा कसा आहे?" सकाळी वॉर्डात तिच्या हातात एक चिमुरडं गेलं म्हणे. आणि आमचे शार्शेनबेक अगाय, अगाय म्हणजे सर हो, मोठे सर्जन, पोरांना कणखरपणा शिकवायला कॉलेजनं नेमलेले, ते काय म्हणाले? "डॉक्टर म्हणजे खडक! रडू घशातच गिळायचं! चला, पुढचा पेशंट!" नुसतं बोलत नाहीत हो, करून दाखवतात! मागच्या हिवाळ्यात त्यांची आई गेली, माती देऊन तासाभरात वर्गावर हजर! पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! जाताना कोट चढवायला गेले, तर हाताला बाही सापडेना. पाच मिनिटं. मी धरून उभा होतो, दुसरं कोणी पाहिलं नाही.

आणि दोन वर्षांपूर्वी असाच एका पोराचा कोट राहिला होता... मी म्हटलं, विसरला असेल, उद्या नेईल. तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ आला. बिल्ला कागदात गुंडाळलेला, वर पोराच्या अक्षरात 'अतांना द्या'. विसरला नव्हता हो तो.

मंगळवारी दुपार झाली. कोट खुंटीवरच.

अगायना म्हटलं, "बुरुलचा आली नाही." तर म्हणतात, "येईल हो अता! कणखर आहे, माझ्या तासाला पहिला नंबर तिचा!" पहिला नंबर! मला त्रेचाळीसशिवाय नंबर दिसेना.

कोट उचलला, काठी घेतली, गुडघा ओढत वसतिगृह गाठलं. तिच्या दाराबाहेर पोरी भिंतीला चिकटून उभ्या. एक पुटपुटली, "अता, कालपासून दार लावलंय... आता ओ पण देत नाही." झालं! माझ्या मनानं धरलंच. आणि आमच्यात मयताच्या दारी पुरुषानं मुकाट जायचं नसतं, काठीवर ओणवं होऊन ओरडत जायचं, गल्लीला कळलं पाहिजे! मी फोडला की हंबरडा, "अगं माझ्या लेकी गंऽऽ!" एवढ्यात मागून कोण धावत येतंय? अगाय! मला कोट नेताना पाहिलं होतं त्यांनी. माझं रडणं ऐकलं, जिन्यातच ओणवे झाले, आणि तो खडक ओरडला... "आईऽऽ! आई गंऽऽ!" वर्षभराचं साठलेलं हो!

आणि दार उघडलं. डोळे सुजलेली बुरुलचा. "अता... कोण गेलं?"

म्हटलं, "तूच की!"

पोरी हसल्या काय, रडल्या काय... ती मात्र अगायकडे बघत राहिली. मग त्यांच्याशेजारी जिन्यात बसली, आणि त्या चिमुरड्याचं नाव घेऊन तिनं गळा काढला. अगाय म्हणाले, "मलाही त्याचं नाव पाठ आहे गं. सगळ्यांचीच आहेत." मी कोट टाकायला खोलीत गेलो, तर टेबलावर कागदाची पुडी. पत्र्याचा बिल्ला. वर... 'अतांना द्या'.

ती पुडी मी फक्त अगायना दाखवली. त्यांनी तिच्या आईला बोलावून घेतलं, आणि तेव्हापासून तिला एकटं ठेवत नाही कोणी.

तर कॉलेजवाल्यांनी काय करावं? मंगळवारचा तिसरा तास माझ्या नावे लावला! रडायचा! "अता, तुमचं शिक्षण?" म्हटलं, तीनशेपर्यंत. "चालेल. पण घंटा झाली की रडणं थांबवायचं हं!" अगाय स्वतः पहिल्या बाकावर, दोन रुमाल घेऊन. तास संपल्यावर पोरं येतात, गुडघा कसा आहे म्हणतात, एकेक जण आपलं सांगत बसतो, संध्याकाळ होते, सगळे गेले की मी खुंट्या मोजतो... काल मोजल्या, आणि... कोपऱ्यात एक कोट खुंटीवरच! जवळ गेलो, चाचपला...

माझाच होता. मास्तर झाल्यापासून घरी जाऊ कोण देतंय?